गौरीचा मुखवटा आणि ओठावरचा लाल ठिपका

‘बाई, हे चित्र कसं पाहायचं?’ : वाचकांचे प्रश्न, निवृत्त कलाशिक्षिकेची उत्तरं

प्रश्न : नमस्कार बाई. नात पुण्याला शिकते. तिनं मला फोनवर एक चित्र पाठवलं आणि विचारलं, ‘आबा, काय वाटतं?’ एका म्हातारीचा चेहरा आहे, जवळजवळ कवटीच. एक डोळा काळोखात गेलेला, तोंड किंचित उघडं आणि खालच्या ओठावर एक लाल ठिपका. फिनलंडच्या हेलेने शेर्फबेक नावाच्या चित्रकर्तीनं हे स्वतःचंच चित्र काढलंय म्हणे. मी बँकेत छत्तीस वर्षं सह्या ताडून पाहण्यात घालवली. इथं मला काहीच ताडता येईना. मी लिहिलं, ‘भीती वाटली.’ तिचं उलट उत्तर आलं, ‘भीती तुमची की तिची?’ आता हिला काय सांगू?
(एक आजोबा, इचलकरंजी)

उत्तर : आबा, नात हुशार आहे. तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला आधी माझ्या घरच्या गौरींकडे येऊ.

आमच्याकडे पितळी मुखवट्याच्या गौरी. गेली त्रेचाळीस वर्षं ते मुखवटे चिंच लावून मीच घासते, त्यामुळे त्यांच्या नाकाडोळ्यांचा कण न् कण हाताला पाठ आहे. गौरी आणायच्या दिवशी येणारी प्रत्येक बाई म्हणते, ‘यंदा किती प्रसन्न दिसतायत गं!’ तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच बाया म्हणतात, ‘बघ, तोंड कसं उतरलंय, निघायचंय ना.’ सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी मलाही दोघी रडवेल्या दिसल्या होत्या. पितळ तसंच होतं. बदललं होतं ते बघणाऱ्यांच्या मनात. तेव्हा आबा, तुमच्या भीतीतला मोठा वाटा तुमचाच आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्या वयाला कवटी जरा जवळची वाटते.

पण एक फरक आहे. मुखवटा साच्यातून निघतो. आत्मचित्रात मात्र प्रत्येक रेघ कुणीतरी ठरवून ओढलेली असते, ठरवून पुसलेली असते. म्हणून मी मुलांना शिकवायचे की ‘हिला काय वाटत होतं’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न ‘हिनं काय केलंय’ हा.

मग तिनं काय केलंय ते पाहू.

हे चित्र १९४४ सालचं, हेलसिंकीच्या आतेनेऊम संग्रहालयातलं. प्रत्यक्षात ते लहानसंच आहे, उंची जेमतेम ४५ सेंटिमीटर. तेव्हा ती ब्याऐंशीची होती. युद्धामुळे फिनलंड सोडून ती स्वीडनमध्ये सॉल्टशेबाडेन गावच्या एका हॉटेलात राहत होती. तिचे चित्रविक्रेते यस्ता स्टेनमन यांनी तिला तिथं आणलं होतं. या शेवटच्या दोनेक वर्षांत तिनं स्वतःची वीसहून अधिक चित्रं केली. जानेवारी १९४६ मध्ये ती गेली.

आणि आता तुमच्या बँकेतला नमुना सह्यांचा कागद आठवा. खातं उघडताना पंचविशीच्या माणसानं केलेली झोकदार सही, आणि पेन्शन न्यायला आलेल्या त्याच माणसाची थरथरती सही. अक्षरं जुळत नाहीत, तरी तुम्ही चेक पास करायचात. कशावरून? हाताच्या वळणावरून, पेन कुठं दाबलंय आणि कुठं सुटलंय त्यावरून. हेलेनेच्या बाबतीत नेमकं हेच करायचंय आणि त्यासाठी तुमच्याइतका तयार प्रेक्षक मला मिळणार नाही.

माझं नशीब असं की २०१९ च्या उन्हाळ्यात मुलाकडे इंग्लंडला गेले होते आणि लंडनच्या रॉयल अकॅडमीत तिचं प्रदर्शन होतं. त्यातल्या एका दालनात फक्त तिची आत्मचित्रं लावलेली होती. मुलगा म्हणाला, ‘आई, अर्ध्या तासात होईल ना?’ दोन तासांनी तो मला शोधत आला.

पहिलं चित्र विशीतलं, १८८४-८५ च्या सुमाराचं. टवटवीत गाल, पक्कं रेखाटन, सगळं जिथल्या तिथं. ही तिची नमुना सही. ही मुलगी चार वर्षांची असताना जिन्यावरून पडली, कंबरेचं हाड मोडलं आणि ती जन्मभर लंगडत चालली. शाळेत जाता येईना म्हणून घरी चित्रं काढत बसली. अकराव्या वर्षी फिनिश कलासंस्थेच्या चित्रशाळेत तिला प्रवेश मिळाला. १८८० साली शिष्यवृत्ती मिळवून ती पॅरिसला गेली. १८८९ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात तिच्या ‘आजारातून उठणारी मुलगी’ या चित्राला कांस्यपदक मिळालं. म्हणजे हुबेहूब काढता येत नव्हतं म्हणून तिनं पुढं असं काढलं, हे डोक्यातून काढून टाका. पुढच्या चित्रांत जे नाही ते तिनं हातानं काढून टाकलंय.

मग १९१५ चं चित्र, मागं काळीभोर जमीन, म्हणजे पार्श्वभूमी, असलेलं. हे माझं सगळ्यात आवडतं. आदल्या वर्षी कलासंस्थेनं आपल्या बैठकीच्या दालनासाठी नऊ चित्रकारांकडून आत्मचित्रं मागवली होती. नवांत बाई ही एकटीच. त्रेपन्नाव्या वर्षी, वर्षानुवर्षं ह्युविन्क्या नावाच्या छोट्या गावात आईची देखभाल करत राहिलेली ही बाई. तिनं काय केलं? मान वर उचलली, नजर खाली, आपल्याकडे. गालाला गुलाबी. मागं ब्रशांचं लालभडक भांडं, आणि काळ्या जमिनीवर मोठ्या अक्षरांत, पुसटसं, स्वतःचं नाव. थडग्याच्या दगडावर नाव कोरतात तसं ते दिसतं असं पुष्कळांनी म्हटलंय, आणि दिसतंही तसंच. पण मला तिथं उभं असताना दुसरंच आठवलं. आमच्या स्टाफरूममध्ये मुख्याध्यापकांच्या नावांचा काळा फलक होता, पांढऱ्या अक्षरांचा. त्यावर बाईचं नाव चढायला किती वर्षं लागली ते मी पाहिलंय. हे गौरीच्या मुखवट्यात आपलंच मन बघण्यासारखं झालं म्हणा. पण तिच्या मानेची उंची मी मनानं आणलेली नाही, ती तिथं आहे.

तिच्या हाताचं वळण याच काळात पक्कं झालं. ती रंग लावायची आणि खरवडून काढायची. पुन्हा लावायची, पुन्हा पुसायची. कॅनव्हासची वीण दिसायला लागेपर्यंत. विशीत ती रंग घालून चेहरा घडवत होती, आता रंग काढून घडवायला लागली. हे एकदा पाहिलं की १९४४ चा चेहरा ओळखीचा वाटतो: केस नाहीत, भुवया नाहीत, एक डोळाच नाही, पण हात तोच. काय गाळायचं याची तिला तीस वर्षांची सवय होती. म्हातारपण तिच्या पद्धतीला येऊन मिळालं, इतकंच.

तिच्या चरित्राविषयीही एक सांगते, कारण नात ते वाचणारच. एइनार रॉयटर नावाच्या वनाधिकाऱ्यावर, जो तिचा पहिला चरित्रकारही होता, तिचा जीव होता. तो तिच्याहून पुष्कळ लहान. १९१९ साली त्याचं दुसऱ्याच मुलीशी लग्न ठरलं आणि ही खचली. पुढं त्यांची पत्रमैत्री मात्र टिकली. ही हकीकत खरी आहे आणि हृदयाला हात घालणारी आहे, म्हणूनच धोक्याची. एकदा कळली की तिच्या प्रत्येक ओरखड्यात लोक रॉयटरला शोधतात. पंचवीस वर्षांनंतरच्या चित्रातही! मला हे बाईवर अन्याय करणारं वाटतं. एखाद्या चित्रकाराच्या उतारवयातल्या कामाला ‘प्रौढ शैली’ म्हणायचं आणि चित्रकर्तीच्या कामाला प्रेमभंग, ही वाटणी कुणी केली?

आता तो ठिपका. आमच्या शेजारच्या काकूंना मी छापील चित्र दाखवलं तर त्या म्हणाल्या, ‘अगंबाई, कुंकू ओठावर कसं आलं?’ हसू नका. फिनलंडच्या बाईला कुंकू कुठलं. पण काकूंनी नेमकं हेरलं की लाल रंग असायला हवा तिथं पसरलेला नाही, एका जागी साकळलाय. ओठ रंगवायचे असते तर दोन्ही रंगवले असते. रक्त दाखवायचं असतं तर ओघळ काढला असता. तिनं यातलं काहीच केलं नाही.

एक करून बघा. फोनवर ते चित्र उघडा आणि अंगठ्यानं फक्त तो ठिपका झाका. बघा काय होतं. सगळा चेहरा करडा-हिरवट, मागं सरतो, भिंतीत जातो. अंगठा काढा. चेहरा परत पुढं येतो. थंड रंगांच्या मैदानात एक ऊन ठिपका ठेवला की डोळा तिथं खिळतो, हे आम्ही इंटरमिजिएटच्या पोरांनाही शिकवतो. ब्याऐंशीव्या वर्षी चेहऱ्यातलं सगळं काढून टाकताना तिनं तो एक ठिपका ठेवला. का ठेवला? मला विचाराल तर तो ठिपका हीच तिची सही. पण हे माझं मत. तुम्ही सह्यांतले जाणकार, तुमचं वेगळं निघालं तर मला कळवा.

अजून एक व्यवहारातली गोष्ट. गेल्या वर्षी माझ्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर निळा रंग इतका निळा दिसला की मी स्वयंपाकघरातला गॅसच बघत बसले. त्या भरात ड्रेसिंग टेबलासमोर बसून स्वतःचं चित्र काढायला घेतलं. तीन बैठका झाल्या. चित्र बघून आमचे हे म्हणाले, ‘भाजीवाल्याशी घासाघीस करताना तू अशी दिसतेस.’ चिडले, मग लक्षात आलं की बरोबर आहे. आरशात बघायचं, मापं घ्यायची, मान वळवून कागदावर उतरवायचं, पुन्हा आरसा. या कसरतीत कपाळाला आठ्या पडणारच, ओठ आवळले जाणारच. जगातली निम्मी आत्मचित्रं रागीट किंवा उदास दिसतात ती यामुळे. तो दुःखाचा चेहरा नसतो, मापं घेणाऱ्याचा असतो. शिंप्याच्या तोंडात टाचण्या असतात तेव्हा त्याच्याही चेहऱ्यावरची माशी हलत नाही.

हेलेनेनंच एका पत्रात लिहिलंय की आत्मचित्रात मॉडेल कायम हाताशी असतं. मात्र स्वतःकडे बघणं काही सुखाचं नाही.

तर आबा, नातीला लिहा: भीती माझी. ती काम करत होती.

प्रश्न : मॅडम, मी कला महाविद्यालयात फाउंडेशनच्या (पायाभूत) वर्गाला आहे. ‘आत्मचित्रातील भावना व ओळख’ यावर रसग्रहण लिहायचं आहे. रंगांचे अर्थ दिलेला एक तक्ता मिळाला आहे: लाल म्हणजे राग, निळा म्हणजे दुःख, पिवळा म्हणजे आनंद. तो वापरून लिहिलं तर चालेल का? कोणतं चित्र घेऊ?
(विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : तक्ता फाडून टाक. आधी आपली भाषा ऐक. आपल्याकडे माणूस रागानं लालबुंद होतो, लाजेनं होतो, तापानं होतो आणि चैत्रातल्या उन्हातून आला तरी होतो. भीतीनं पांढराफटक पडतो तसाच अशक्तपणानंही पडतो. आपल्या बोलण्यातच लालाला चार कारणं असतील, तर चित्रातल्या लालाला एकच कसं असेल? रंगाचा अर्थ शेजारच्या रंगावरून ठरतो. व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं पिवळ्यात काय काय रंगवलंय ते बघ, मग ‘पिवळा म्हणजे आनंद’ हे लिहायला हात धजावणार नाही.

त्याचं नाव निघालंच आहे तर एक सापळा दाखवून ठेवते. कानाला पट्टी बांधलेलं त्याचं आत्मचित्र जानेवारी १८८९ चं, लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहालयात आहे. (मी गेले त्या वर्षी ती इमारत नेमकी दुरुस्तीसाठी बंद! दारावरचा फलक वाचून परत आले.) चित्रात पट्टी उजव्या कानावर दिसते, त्यानं स्वतःचा कान कापला होता तो डावा. चूक नाही, आरसा. म्हणजे जे पाहतोय तेच तो प्रामाणिकपणे उतरवत होता. सगळे लिहितात, ‘वेडाच्या भरातलं चित्र’. पण मागं बघ: उजेडाची खोली, इझलवर कॅनव्हास, भिंतीवर आवडतं जपानी छापचित्र. नुकताच इस्पितळातून परतलेला माणूस. अंगात कोट, डोक्यावर केसाळ टोपी, कोटाचं बटण लावलेलं. मला हा माणूस घाईनं कामावर रुजू झालेला दिसतो. तुला वेड दिसलं तर जरूर लिही, पण कोणत्या फटकाऱ्यात दिसलं ते दाखव. नाही दाखवता आलं तर ते तू चित्रात नाही, त्याच्या चरित्रात पाहिलंयस.

‘ओळख’ या शब्दासाठी मात्र दुसरं चित्र घे: अमृता शेरगिलचं १९३४ चं ‘ताहितीयन स्त्रीच्या रूपात आत्मचित्र’. शीख वडील, हंगेरियन आई, जन्म बुडापेस्टचा, बालपणाचा काही भाग सिमल्याचा, शिक्षण पॅरिसचं. आणि ही एकवीस वर्षांची मुलगी कधी ताहिती बेटावर गेलेलीच नाही! ताहितीच्या बायका पॅरिसनं पाहिल्या त्या पॉल गोगँच्या चित्रांतून. त्यानं त्या मॉडेल म्हणून रंगवल्या. अमृता त्यांच्याच जागी, कमरेपर्यंत उघडी, जाऊन उभी राहिली, पण ब्रश स्वतःच्या हातात ठेवून. हात पुढं घेतलेले, केस मागं बांधलेले, नजर आपल्याकडे नाही, बाजूला. आणि तिच्या मागं एका पुरुषाची सावली पडलीय. ती कुणाची? बघणाऱ्याची, गोगँची, की आपली? तुझं रसग्रहण या सावलीपासून सुरू कर. पॅरिसमध्ये आपल्याला लोक ‘पूर्वेकडची’ म्हणून बघतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. या चित्रात ती त्या नजरेचंच सोंग घेते, असं मला वाटतं. बहुरूपी येतो ना दारात, पोलीस होऊन? तो पोलीस नाही हे त्यालाही माहीत आणि आपल्यालाही, तरी क्षणभर आपण दचकतोच.

त्याच वर्षाच्या शेवटी ती भारतात परतली. पुढं अजिंठा-वेरूळ पाहून ती भारावली आणि तिची चित्रंच बदलली. १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीनं तिच्या ‘तीन मुली’ या चित्राला सुवर्णपदक दिलं. म्हणजे आपल्या मातीशीही तिचा धागा आहे, पण तो रसग्रहणात ओढूनताणून घालू नकोस. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात तिची पुष्कळ चित्रं आहेत. सहल निघाली तर चुकवू नकोस.

आणि ‘चित्रकार आपल्याला सांगू इच्छितो की’ या शब्दांनी एकही वाक्य सुरू करू नकोस. मी तपासत असते तर तिथंच लाल पेन उचललं असतं. राग म्हणूनच, हो.

प्रश्न : ताई, माझा मुलगा आठवीत आहे. शाळेत स्वतःचं चित्र काढायला सांगितलं तर त्यानं डोळे, नाक, कान सगळं काढलं, तोंडच काढलं नाही. एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं की मूल मनातलं बोलू शकत नाही म्हणून असं काढतं. तेव्हापासून मला झोप नाही.
(एक आई, पेण)

उत्तर : आधी झोपा. मग सकाळी, पोहे खाता खाता, त्यालाच विचारा: ‘हे राहिलं की नाही काढायचं ठरवलंस?’ एवढंच, सुरात काळजी न आणता.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका पोरानं असंच बिनतोंडाचं चित्र माझ्यापुढं ठेवलं होतं. मी कुठंतरी वाचलेलं ज्ञान पाजळत त्याच्या आईला शाळेत बोलावून घेतलं. ती बिचारी शेतातलं काम टाकून आली. मुलगा म्हणाला, ‘बाई, तीनदा काढलं, तीनदा बिघडलं. मग माझं रबर एकानं नेलं.’ त्या माउलीनं माझ्याकडे जे पाहिलं, ते मी आजही विसरले नाही.

एका चित्रावरून मुलाचं मन वाचता येत नाही. तो जेवतोय का, झोपतोय का, मित्रांत जातोय का, शाळेत जायचं टाळतोय का, हे बघा. त्यात काही बिनसलेलं दिसलं तर चित्र बाजूला ठेवून सरळ समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जा. तसं काही नसेल तर त्याला तोंड काढायला शिकवा. मुलं आधी ओठांची बाहेरची कड काढतात आणि तिथंच फसतात. आधी दोन ओठांच्या मधली रेघ काढायची, तिची टोकं बुबुळांच्या खाली साधारण सरळ रेषेत येतात का ते बघायचं. मग वरच्या ओठाला थोडी सावली, खालच्या ओठाखाली थोडी. कड काढायचीच नाही. पेन्सिल टू बी. आणि रबर दोन आणा.